डावीकडे बसलेली

सैरिंध्रीला आधी वाटलं, नवरा रुसलाय.

काशाच्या ताटात ती पखाळ वाढायची, रात्रभर पाण्यात आंबवलेला गार भात. उजवीकडे तळलेली बडी, म्हणजे डाळीचे सांडगे, आणि कांदा, डावीकडे पालेभाजीचा साग आणि कैरीचं आंबट. आर्तत्राण महाराणा मुकाट जेवायचा आणि हात धुवायचा. ती ताट उचलायला जायची तर अर्ध्या ताटात शीत नाही आणि अर्धं ताट जसंच्या तसं. मध्ये जणू कुणी बांध घातलाय. सागाला बोटही लागलेलं नसायचं.

"सागात मीठ कमी पडलं का?" तिनं एकदा विचारलंच.

"साग? साग कुठे वाढलास? महिना झाला, बडी आणि कांदा, बडी आणि कांदा. म्हातारपणी उपाशी मारायचं ठरवलंयस काय?"

ती ताट हातात घेऊन उभी राहिली. साग तिच्या नाकाखाली होता, त्याला लसणाचा वास येत होता.

ज्या वर्षी महावादळ आलं त्या वर्षाची ही गोष्ट, पण वादळाच्या आधीची. तेव्हा भार्गवी नदीच्या काठी नारळी इतक्या दाट होत्या की पाटसाहीच्या एकुलत्या एक रस्त्यावर भर दुपारीही ऊन ठिपक्याठिपक्यांनीच उतरायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरं, सगळी चित्रकारांची. सकाळी प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी पांढऱ्या रंगासाठी शंख वाटत बसलेलं असायचं, आणि तो खरखर आवाज नदीपर्यंत ऐकू जायचा. तो आवाज आठवणारी माणसंही आता फार उरली नाहीत.

माघात आर्तत्राण तळ्याच्या पायरीवर कोसळला होता. पुरीच्या इस्पितळात तीन आठवडे गेले. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता, तो होळीच्या दोलपौर्णिमेपर्यंत बराचसा सावरला. बोलणं साफ होतं. उजव्या हाताला तर काहीच झालं नव्हतं. गाव भेटायला आलं आणि ज्यानं त्यानं एकच म्हटलं, चित्रकाराचा उजवा हात वाचला, आणखी काय हवं?

पण तो घरी आला तो अर्ध्या घरातच. दाढी करायचा ती एकाच गालाची. डाव्या खांद्यावरचा गमछा जमिनीवरून फरफटत यायचा, त्याला पत्ता नसायचा. दाराच्या चौकटीवर रोज तोच खांदा आपटायचा आणि रोज तो चौकटीला शिव्या घालायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याला सैरिंध्री दिसेनाशी झाली.

तिची जागा डावीकडे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सासूनं तिला हाताला धरून तिथं बसवलं होतं. चित्रकार मांडी घालून बसतो. त्याच्या उजव्या हाताशी रंगाच्या करवंट्या आणि कुंचले, तिथं कुणी जायचं नाही. डाव्या हाताशी बायको. चिंचोक्याची खळ तिनं शिजवायची, कापडाला कापड तिनं चिकटवायचं, आधी खरबरीत आणि मग गुळगुळीत दगडानं ते घोटायचं, आणि तो रेघ ओढत असताना काठ ताणून धरायचा. आर्तत्राण न बघता डावा हात पुढे करायचा आणि तिनं त्यात हवं ते ठेवलेलं असायचं. दिवसच्या दिवस दोघं एक शब्द बोलायची नाहीत, आणि दोघांनाही वाटायचं की खूप बोलणं झालं.

आता ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असायची आणि तो हाका मारायचा, "कुळाची बोऊ! अगं ए कुळाची बोऊ!"

कुळा म्हणजे त्यांचा मुलगा कुळमणी. बोऊ म्हणजे आई. नावानं त्यानं तिला कधीच हाक मारली नव्हती.

"ही काय, इथं तर आहे."

तो उजवीकडे वळून दाराकडे बघायचा. "बाहेरून काय ओरडतेस? आत ये ना."

मग ती उठायची, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे जायची. तिला बघून त्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग राग यायचा. "कुठे कुठे भटकत असतेस गं? माणूस आजारी आहे, जरा जवळ बसावं."

समोरच्या ओळीतल्या घरातली दिबाकरची आई सैरिंध्रीला तळ्यावर गाठून म्हणाली, "राग मानू नकोस भाऊज, पण तुमच्या घरात डोळे दिलेला पट कुणीतरी उलटा ठेवला असणार. महाप्रभूंना डोक्यावर उभं केलं, मग ते तरी काय करतील? माणसाला अर्धं करून सोडतात."

"माझ्या घरात नाही ठेवला कुणी."

"मी कुठे म्हणते तू ठेवलास? कुळमणी बाटल्यांवर देव काढतो ना, बाटली काय, आडवी होते, उलटी होते."

पटावर डोळे काढले नाहीत तोवर ते कापड. डोळे दिले की देव. देवाला डोकं खाली करून ठेवायचं नाही, धरायचं नाही, गुंडाळतानासुद्धा नाही. पाटसाहीतलं रांगणारं पोरही हे शिकलेलं असायचं. सैरिंध्रीनं घरी येऊन प्रत्येक फडताळ, प्रत्येक खुंटी तपासली. एकही पट उलटा नव्हता.

कुळमणी म्हणाला मोतीबिंदू असेल, म्हणून पुरीहून चष्मा आणला. चष्मा लावून आर्तत्राण पुन्हा अर्धंच ताट जेवला. तेव्हा कुळमणी बापाला आणि आईला घेऊन पुन्हा पुरीला, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई वयानं लहान, कटककडच्या. त्यांनी बत्ती मारून डोळ्यांच्या आतपर्यंत पाहिलं.

"मौसा, डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे."

"मग ते यांना सांगा. नाकावर हे काचेचं जोखड चढवलंय."

पण भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं त्यानं प्रत्येक ओळीतली शेवटची तेवढीच वाचली. बाईंनी थोडा विचार केला. मग त्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"आता डोळे मिटा, मौसा. समजा, तुम्ही नदीकडून तुमच्या गावात शिरताय. कुणाकुणाची घरं लागतात?"

"हे काय विचारणं झालं! पहिलं जळधराचं. मग बिशी महाराणाचं. मग भजनघर. मग विहीर. मग दिबाकरचं. मग आला वड. संपलं गाव."

कुळमणी पुढे सरकला. "बापा, आणि आपलं घर?"

"आपलं... असेल की. कुठं जातंय?" पण कपाळाला आठ्या पडल्या.

सगळी उजव्या हाताची घरं होती. डाव्या ओळीतलं एक नाही.

"बरं," बाई म्हणाल्या, "आता उलटं चला. वडाकडून नदीकडे."

"वडाकडून पहिलं गदेईचं. मग पोथीवाल्यांचं. मग पडकं घर, त्यात बकऱ्या. मग आमचं." त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "ओट्यावर कुळाची बोऊ शंख वाटत बसलीय. पदराला सगळं पांढरं लागलंय. उन्हात बसलीय बघा, वेडी. संध्याकाळी डोकं धरून बसेल, मग म्हणेल, तुम्ही सांगितलं का नाही."

सैरिंध्रीनं पदर तोंडात कोंबला. माघापासून त्यानं तिला असं पाहिलं नव्हतं. ती त्याच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर बसली होती.

नंतर बाईंनी तिला आणि कुळमणीला बाजूला नेलं. "मिटलेल्या डोळ्यांनीसुद्धा त्यांना अर्धंच गाव दिसलं, बघितलंत ना? म्हणजे बिघाड डोळ्यांत नाही. डोळा नुसता निरोप्या असतो, माउसी. आतल्या पडद्यावर उजेड पडतो, तोही उलटा, डोकं खाली पाय वर. तो निरोप नसेतून डोक्याच्या पार मागच्या बाजूला जातो. मेंदू त्याच्यातून रेघा वेगळ्या करतो, रंग वेगळे, कोण हललं ते वेगळं, तोंड ओळखीचं की परक्याचं ते वेगळं. मग सगळं जुळवून, सुलटं लावून आपल्याला सांगतो. तेव्हा आपण म्हणतो, दिसलं. डावीकडच्या जगाचा निरोप मेंदूच्या उजव्या बाजूला जातो. त्याची दखल घेणारा तिथला तुकडा यांचा माघात मेला. निरोप्या अजून रोज येतो. दार उघडायला घरात कुणी नाही."

"पण त्यांना कळत कसं नाही, की अर्धं गेलंय?"

"तुमच्या पाठीमागे आत्ता तुम्हाला काय दिसतंय? अंधार?"

सैरिंध्रीनं विचार केला. "अंधार नाही. काहीच नाही."

"तसंच. त्यांच्या डावीकडे काहीच नाही."

"बरं होईल?"

बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "काहींचं थोडं सुधारतं. तुम्ही उजवीकडून बोलत जा, उजवीकडे बसत जा."

परतीच्या बसमध्ये ती नवऱ्याच्या उजवीकडे बसली. तो खिडकीबाहेर बघण्याऐवजी तिच्याकडे बघत होता आणि मध्येच म्हणाला, "जाडी झालीस." ती हसली, आणि मग तिला खिडकीकडे तोंड करावं लागलं.

पण बाईंचं एक तिच्या मनात रुतून बसलं होतं. गाव उलटं चालल्यावर घर सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो जेवून हात धुवायला निघाला, तेव्हा तिनं काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. साग उजवीकडे आला.

"अरे! आता वाढलास होय? जेवण झाल्यावर?" असं म्हणून तो पुन्हा बसला आणि सगळा साग संपवला. "लसूण छान लागलाय."

असं रोज चालू झालं. दिवसातून दोनदा ताट फिरवताना तिला आपण कुणाला तरी फसवतोय असं वाटायचं.

ज्येष्ठ लागला. स्नानपौर्णिमेला महाप्रभूंना घडे भरभरून अंघोळ घालतात, त्यानं ते आजारी पडतात आणि पंधरा दिवस देवळाचं दार बंद होतं. तेवढे दिवस गाव त्यांच्या जागी पटाचं दर्शन घेतं. पाटसाहीच्या देवळातला तो पट सात पिढ्या या एकाच घरातून जायचा. चित्र कुणीही काढावं, रंग कुणीही भरावे. पण शेवटच्या दिवशी चक्षुदान करायचं, म्हणजे डोळे द्यायचे, ते घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं. मुलाच्या हाताला तो हक्क कधी यायचा? तर बापानं एकदा त्याचा हात आपल्या हातात धरून त्याच्याकडून डोळा काढून घेतला की. आर्तत्राणनं कुळमणीला हात दिला नव्हता. कुळमणी पुरीच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांसाठी बाटल्या आणि नारळ रंगवायचा, चाळिशीला आला होता, त्याची रेघ बापाइतकी नसली तरी खरी होती. "बाटलीवर देव बसवणाऱ्याच्या हातात मी महाप्रभूंचे डोळे देऊ?" हे वाक्य सैरिंध्रीनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं त्याला उत्तर देणं सोडलं होतं.

गावचे पधान ओट्यावर येऊन बसले. "भाऊज, लोक बोलतात. दादांचं जरा... ते गेल्या आठवड्यात मला रस्त्यात भेटले, मी डावीकडून नमस्कार केला तर सरळ निघून गेले. यंदा जमेल ना? नाहीतर दिबाकर तयार आहे. एकदा रस्त्यापलीकडे गेलेली सेवा परत येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"जमेल," सैरिंध्री म्हणाली.

"मी गेलो तरी चालेल," आत आर्तत्राण ओरडत होता, "पण त्या दिबाकरच्या हातून महाप्रभू तिरळे झालेले मला बघायचे नाहीत!"

पौर्णिमेच्या सकाळी पट तयार होता. कुळमणीनं महिनाभर खपून काढला होता. काळं तोंड, लाल ओठ, माथ्यावरचा मुकुट, आणि डोळ्यांच्या जागी शंखाच्या पांढऱ्याचे दोन रिकामे गोल. आर्तत्राण न्हाऊन, उपाशी, कोरं धोतर नेसून बसला. उजवीकडे तुपाचा दिवा. चक्षुदानाच्या वेळी उजवी बाजू दिव्याची, तिथं कुणी बसायचं नाही. म्हणून सैरिंध्री तिच्या जुन्या जागी, डावीकडे, काठ ताणून धरून बसली. कुळमणी समोर. ओट्यावर शंख, घंटा, छत्री घेऊन माणसं थांबलेली, त्यांत पधान आणि दिबाकर.

तिनं ठरवलं होतं, आधी पट उलटा फिरवायचा. डोळे दिलेले नाहीत तोवर कापडच ते, पाप लागत नाही. त्याच्या उजवीकडे आलेला एक डोळा द्यायला लावायचा, मग पट सुलटा करून दुसरा. पण पधान दार ओढून घेतात न घेतात तोच आर्तत्राणनं कुंचला बुडवला, आणि एकदा कुंचला बुडाला की डोळा होईस्तोवर देणाऱ्याखेरीज कुणी शब्द काढायचा नसतो.

त्यानं श्वास रोखला आणि गोल काढला. एका दमात, हात न उचलता. मग लाल कडं, मग बुबुळ. चव्वेचाळीस वर्षांत इतका भरलेला, इतका जिवंत डोळा तिनं पाहिला नव्हता. त्या एका डोळ्यानं महाप्रभू थेट तिच्याकडे बघत होते.

आर्तत्राणनं श्वास सोडला. कुंचला धुतला. "झालं," तो म्हणाला. "बोलवा त्यांना."

पटाच्या डाव्या अंगाला पांढरा गोल तसाच होता.

कुळमणीनं आईकडे पाहिलं.  बाहेर कुणीतरी घंटेचा लोलक चाचपून पाहिला.

आता ते कापड नव्हतं. आता उचललं तर देवाला उचलायचं होतं. सैरिंध्रीनं पटाला कपाळ टेकलं, मनात म्हणाली, माझं अर्धं करा, दोन्ही डोळे न्या, काय न्यायचं ते माझं न्या. आणि तिनं महाप्रभूंना डोकं खाली, मुकुट नवऱ्याच्या मांडीकडे करून फिरवलं.

आर्तत्राणच्या उजवीकडे रिकामा गोल आला.

"हे काय?" तो दचकला. "कुणी उलटं धरलंय? हरामखोरांनो, महाप्रभूंना डोक्यावर..." मग त्याची नजर त्या पांढऱ्यावर गेली. "डोळा कुठाय? मी आत्ता दिला तो?"

कुळमणी म्हणाला, "तो तुमचा पट झाला, बापा. हा माझा. मी सरावाला केलेला. डोळा द्यायचा राहिलाय."

"डोळा नाही म्हणजे अजून कापडच आहे," आर्तत्राण स्वतःशी म्हणाला. तो वाकून बघू लागला. "मुकुट बरा आहे. ओठाची रेघ... ही तू काढलीस?"

"हो."

"बाटलीवाल्याची वाटत नाही." त्यानं धुतलेला कुंचला पुन्हा उचलला. "एवढं करून डोळ्याशी येऊन थांबलास, गाढवा. मी मरायची वाट बघत होतास? ये इकडे. हात दे."

कुळमणी गुडघ्यांवर सरकत आला. आर्तत्राणनं त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली, कुंचल्यासकट रंगात बुडवली. आणि तिथेच थांबला. मान उजवीकडे वळवून, दिव्यापलीकडच्या बंद दाराकडे बघत राहिला.

"तुझी बोऊ कुठे आहे?" तो हळूच म्हणाला. "तिला बोलवायला हवं होतं रे. वर्षानुवर्षं माझ्या मागे लागलीय, मुलाला हात द्या, मुलाला हात द्या. आज देतोय तर ही कुठे गेली?"

सैरिंध्री त्याच्या डाव्या गुडघ्याशी होती. काठ धरलेल्या तिच्या बोटांपासून त्याचा गुडघा वीतभर दूर. कुंचला बुडालेला होता. तिनं तोंड उघडलं असतं, तर तो आवाजामागे उजवीकडे, दिव्याकडे वळला असता, आणि हात हलला असता. तिनं ओठ दातांत धरले.

"असो," तो म्हणाला. "रंग वाळतोय."

दोन हातांनी मिळून गोल काढला. महाप्रभूंचा डोळा वाटोळा. डोकं खाली असलं काय, वर असलं काय, गोल तो गोलच. लाल कडं कुळमणीच्या थरथरीनं एका जागी किंचित जाड झालं. बुबुळ मात्र बापाचं होतं. ते पूर्ण होताच सैरिंध्रीनं पट सुलटा केला, आणि कुळमणी बापाच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आर्तत्राणला वाटलं, आनंदानं रडतोय.

दार उघडलं. शंख वाजले. पधानांनी पट बघितला, दिबाकरनं वाकून बघितला, आणि दोघांनी हात जोडले. छत्रीखाली पट देवळाकडे निघाला. आर्तत्राण उजवीकडच्या माणसांचे नमस्कार घेत मध्येमध्ये थांबत चालला होता. गर्दीत डावीकडे चालणारी सैरिंध्री त्याचा फरफटणारा गमछा उचलून धरत होती.

दिवेलागणीला सगळे परतले. तो ओट्यावर खांबाला टेकून बसला. तिनं हातपाय धुतले. बोटांवर काठाचे वळ उठले होते, ते तिनं पदराला पुसल्यासारखे केले. मग मागून वळसा घालून त्याच्या उजवीकडे येऊन बसली.

तिला बघताच त्याचं तोंड फुललं, आणि लगेच पडलं. "आलीस? दिवसभर कुठे होतीस? आज मी मुलाला हात दिला. तू तेवढी नव्हतीस."

"खरंच?" ती म्हणाली. "सांगा ना. कसा दिला?"

आणि त्यानं सगळं सांगितलं. पट कसा समोर आला, ओठाची रेघ कशी होती, मुलाची मूठ कशी गार पडली होती. ती मध्येमध्ये हं म्हणत होती. समोरच्या ओट्यावर दिबाकरच्या आईनं दिवा ठेवला. रस्त्यावर नारळींच्या सावल्या मिसळून एक झाल्या.

"आणि काठ कुणी धरला होता?" तिनं विचारलं.

तो विचारात पडला. हवेत हात नेऊन त्यानं पुन्हा एकदा तो गोल काढून पाहिला.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "पण छान ताणलेला होता बघ. आपोआप."